झुरळं आणि वाळवी: ओळखायची कशी आणि घरातून हटवायची कशी

झुरळ दिसलं की हात फवाऱ्याच्या डब्याकडे जातो. चौकटीवर मातीची रेघ दिसली की झाडूकडे जातो. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत, आणि दोन्हींनी काम बिघडतं. फवाऱ्याने समोरची चार झुरळं मरतात आणि बाकीची भिंतीच्या आणखी आत सरकतात. मातीची रेघ झाडून टाकली की वाळवी दुसऱ्या वाटेने येते, आणि ती कुठून येत होती याचा सर्वांत चांगला पुरावा केरात जातो.

डोळ्यांना दिसणारे कीटक हा एकूण संख्येतला अगदी लहान भाग असतो. औषध न दिसणाऱ्यांपर्यंत पोहोचलं तरच उपयोग. त्यासाठी झुरळ आणि वाळवी यांच्या राहणीतला फरक समजून घ्यायला हवा, कारण एकीवर लागू पडणारा उपाय दुसरीवर बहुतेक वेळा वाया जातो.

नातं जवळचं, संसार वेगळा

वाळवीला पुष्कळ जण पांढरी मुंगी समजतात, पण मुंग्यांशी तिचं जवळचं नातं नाही. ती झुरळांच्या कुळातली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर वाळवीचा स्वतंत्र गण मोडीत निघाला आणि तिला झुरळांच्याच ब्लाटोडिया गणात धरलं जाऊ लागलं. कुजक्या ओंडक्यात कुटुंब करून राहणारं क्रिप्टोसर्कस नावाचं एक झुरळ आहे. त्याच्या आतड्यात लाकूड पचवणारे जे एकपेशीय जीव सापडतात, त्यांचेच भाऊबंद वाळवीच्या अनेक जातींच्या पोटात असतात.

हे नातं आपल्या कामाचं आहे. दोन्ही कीटक एकमेकांच्या शरीरातून बाहेर पडलेलं अन्न खातात. झुरळाची पिल्लं मोठ्यांची विष्ठा खातात आणि मेलेलं झुरळही सोडत नाहीत. वाळवीच्या कामकरी किडी तोंडातून आणि गुदद्वारातून सगळ्या वसाहतीला भरवतात. म्हणून लगेच न मारणारं, पोटात घेऊन घरट्यापर्यंत नेलं जाणारं विष दोघांवरही चालतं. तडकाफडकी मारणारं औषध दोघांच्या बाबतीत तोकडं पडतं.

फरक संसारात आहे. झुरळं एकत्र राहतात, पण त्यांच्यात राणी नाही. अंडी घेऊन फिरणारी प्रत्येक मादी एकटीने नवी फौज उभी करू शकते, त्यामुळे झुरळांशी लढताना शेवटच्या मादीपर्यंत जावं लागतं. वाळवीत राजा, राणी, सैनिक आणि कामकरी अशी वाटणी असते. लाकूड खाणाऱ्या कामकरी किडी स्वतः वंश वाढवत नाहीत. मात्र ‘राणी मारली की संपलं’ हेही खरं नाही. अनेक जातींमध्ये राणी गेली की वसाहतीतूनच दुसऱ्या माद्या अंडी घालायला तयार होतात.

आधी खात्री करा

झुरळांच्या खुणा सोप्या आहेत: बिजागऱ्यांजवळ आणि खणांच्या कोपऱ्यांत बारीक काळे ठिपके, कात टाकलेली पातळ तपकिरी कवचं, रिकामी अंडकोशाची डबी आणि संख्या वाढल्यावर येणारा उग्र, तेलकट वास. मोठ्या झुरळाची विष्ठा उंदराच्या लेंडीसारखी वाटू शकते. ती लहान असते, टोकं बोथट असतात आणि अंगावर उभ्या रेघा असतात. उंदराच्या लेंडीची टोकं निमुळती असतात.

वाळवी समोर येत नाही, म्हणून तिच्या कामाच्या खुणा शोधायच्या. पायाच्या किंवा जोत्याच्या भिंतीवरून वर चढणारी, साधारण पेन्सिलच्या जाडीची मातीची नळी ही सर्वांत पक्की खूण. रंगाचा थर फुगलेला दिसतो, पण बोटाने दाबला की आत पोकळी लागते. चौकटीवर ठोकलं तर भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज येतो. खिडकीच्या कठड्यावर किंवा दिव्याखाली सारख्या आकाराच्या पंखांचा खच पडलेला असतो. आणि लाकडी सामानाखाली बारीक, कोरड्या दाण्यांची लहानशी रास दिसली, तर ती वेगळ्याच प्रकारची वाळवी असते. तिच्याकडे पुढे येऊ.

पंखवाल्या किडी दिव्याभोवती जमल्या की मुंग्या आणि वाळवी यांत गल्लत होते. एक कीड पकडून नीट बघा. मुंगीची कंबर अगदी बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीला कंबर अशी नसते, मिशा सरळ असतात आणि चारही पंख जवळपास एकाच लांबीचे, शरीराच्या दुपटीइतके लांब असतात. पंखवाली वाळवी बाहेरून दिव्याकडे आली असेल तर घाबरण्याचं कारण नाही. ती घरातल्या भिंतीतून किंवा फरशीच्या सांध्यातून बाहेर पडताना दिसली, तर वसाहत घराला लागून किंवा घरातच आहे.

लाकडातून अगदी मऊ, पिठासारखी भुकटी पडत असेल आणि टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसत असतील, तर ते बहुधा लाकूड पोखरणारे भुंगे असतात. वाळवीचं औषध आणण्याआधी एवढी तपासणी करा.

झुरळ कोणतं, हे आधी ठरवा

झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती माहीत आहेत. माणसाच्या घरात त्रास देणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच. तुम्हाला मुख्यतः दोनच ओळखता आल्या तरी पुरे.

लहान, फिकट तपकिरी, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरचं आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन काळे उभे पट्टे असलेलं झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. हे घरातच जन्मतं आणि घरातच मरतं. मादी अंडकोश पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि अंडी फुटायच्या सुमारास तो सोडते. एका कोशातून ३० ते ४० पिल्लं निघतात. उबदार घरात ती दोन-तीन महिन्यांत स्वतः अंडी घालू लागतात. गडद रंगाची, बिनपंखी पिल्लं वेगळेच किडे वाटतात आणि लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. या झुरळाला १७६७ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने जर्मनीचं नाव दिलं खरं, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियात, माणसांच्या वस्तीत राहता राहता आशियाई झुरळापासून वेगळं झालं. उघड्यावर, माणसांपासून दूर त्याची वस्ती सापडत नाही. त्याला घालवणं कठीण जातं ते याचमुळे.

दुसरं म्हणजे लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटरचं अमेरिकन झुरळ. त्याच्या ढालीच्या कडेला पिवळसर पट्टा असतो. त्याचं खरं घर गटार, चेंबर आणि ओलसर तळघर. आपल्या खोलीत ते बहुधा पाहुणा म्हणून येतं, त्यामुळे इथे वाट बंद करणं औषधापेक्षा महत्त्वाचं ठरतं. त्याची वाढ सावकाश होते, पिल्लू मोठं व्हायला सहा महिने ते वर्षभर लागतं. याशिवाय पंखांवर फिकट आडवे पट्टे असलेली एक लहान जात आहे. तिला कोरडी, उबदार जागा आवडते, म्हणून ती तसबिरींच्या मागे, कपाटाच्या वरच्या खणात आणि विजेच्या उपकरणांत सापडते.

झुरळांचा बंदोबस्त

पहिली पायरी मोजणीची. चिकट सापळे आणा आणि प्रत्येकावर जागा व तारीख लिहा. सिंकखाली, फ्रिजच्या मागे, शेगडीच्या बाजूला, ओट्याखालच्या खणात, न्हाणीघरात, कचऱ्याच्या डब्याजवळ असे ते भिंतीला लागून ठेवा. झुरळ मोकळ्या जमिनीवरून जाणं टाळतं, कडेकडेने चालतं, म्हणून खोलीच्या मध्यभागी ठेवलेला सापळा रिकामाच राहतो. काही रात्रींनंतर बघा. ज्या सापळ्यात सर्वांत जास्त पिल्लं, तिथून हाताच्या अंतरावर वस्ती आहे. पिल्लं फार लांब जात नाहीत. ही मोजणी बहुतेक लोक टाळतात, आणि माझ्या मते तिथेच अर्धी लढाई हरतात. औषध कुठे लावायचं हे सापळाच सांगतो, आणि लागू पडलं की नाही हेही तोच सांगतो.

मग विजेरी घेऊन वस्ती शोधा. झुरळाला पाठ आणि पोट दोन्ही टेकतील अशी फट हवी असते. मोठ्या जर्मन झुरळाला पाचेक मिलीमीटरची फट पुरते, पिल्लांना त्याहून कितीतरी अरुंद. बिजागरीचा खोबणा, ड्रॉवरची पट्टी, फ्रिजच्या दाराचं रबर, मोटारीजवळची गरम जागा, सिंक आणि भिंत यांमधला सांधा, पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या घड्या या जागा एकही न सोडता बघा.

सफाई औषधाच्या आधी करायची, नंतर नाही. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या अरुंद तोंडाने झुरळं, कोश आणि विष्ठा ओढून घ्या, पिशवी घट्ट बांधून लगेच घराबाहेर टाका. उरलेले डाग साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. यामागे दोन कारणं आहेत. झुरळाच्या विष्ठेत इतर झुरळांना बोलावणारा गंध असतो. आणि झुरळांची विष्ठा, लाळ, कवचं यांतल्या प्रथिनांमुळे अॅलर्जी होते, दमा बळावतो. बर्नटन आणि ब्राउन या संशोधकांनी १९६४ साली ही अॅलर्जी पहिल्यांदा नोंदवली. झुरळं मेल्यावरही ही प्रथिनं धुळीत महिनोन्‌महिने राहतात, त्यामुळे घरात दम्याचा रुग्ण असेल तर कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानेच पुसा.

अन्न आणि पाणी यांत पाण्याकडे जास्त लक्ष द्या. जर्मन झुरळाला नुसतं पाणी मिळालं तर ते महिनाभर तग धरतं, दोन्ही नसलं तर दोन आठवड्यांच्या आसपास. गळका नळ, रात्री भिजत ठेवलेली भांडी, फ्रिजखालची तबकडी, कुंडीखालची थाळी, ओलं पायपुसणं, थंड पाइपवर जमणारे थेंब हे सगळं त्याचं पाणी. झोपण्यापूर्वी सिंक कोरडं पुसण्याची सवय एवढी साधी आहे की तिचं महत्त्व पटत नाही. पण दुसरीकडे पाणी आणि अन्न नसलं की झुरळ जेलकडे, म्हणजे विष मिसळलेल्या मऊ आमिषाकडे वळतं, म्हणून औषधाच्या दिवसांत ती पाळाच.

आता जेल. घरगुती झुरळांवर आज यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. एकाच ठिकाणी मोठा गोळा लावू नका. काडीपेटीच्या गुलाएवढे पुष्कळ ठिपके, सापळ्यांनी दाखवलेल्या जागांच्या अगदी जवळ, फटींच्या तोंडाशी आणि आत लावा. भांडी, अन्न किंवा मुलांचे हात लागतील तिथे लावू नका. गरम होणाऱ्या पत्र्यावर आणि पाणी सांडणाऱ्या जागीही नको. दोन-तीन दिवसांनी बघा. ठिपका संपला असेल तर पुन्हा लावा, सुकून कडक झाला असेल तर खरवडून नवा लावा. जेल खाल्लेलं झुरळ आपल्या फटीत जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा व प्रेत खाणारी पिल्लंही मरतात. न दिसणाऱ्यांपर्यंत पोहोचणारं विष ते हेच.

जेल लावल्यावर त्या भागात फवारा मारायचा नाही, उग्र वासाचं फिनाइलही नाही. फवाऱ्याचा थर बसलेल्या जेलला झुरळं तोंड लावत नाहीत. सगळं नीट करूनही जेल खाल्लं जात नसेल, तर नुसतं कंपनीचं नाव बदलू नका, आतलं औषध बदला. डब्यावर बारीक अक्षरांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, इंडोक्साकार्ब असं काही लिहिलेलं असतं, ते वेगळं असायला हवं. आमिषातला गोडवाही आड येऊ शकतो. ग्लुकोज टाळणारी जर्मन झुरळं १९९३ मध्ये नोंदवली गेली, आणि २०१३ साली कळलं की त्या झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. अशा वेळी वेगळ्या आमिषाचं जेल कामी येतं.

भिंतीच्या पोकळीत, विजेच्या खोक्यांच्या मागे, ओट्याच्या तळाशी हात पोहोचत नाही तिथे बोरिक अॅसिडची भुकटी चालते. जाड रास घातली तर झुरळं वळसा घालून जातात. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ थर हवा, आणि जागा कोरडी राहायला हवी. तो चालताना पायांना लागतो, पाय चाटताना पोटात जातो. मुलं किंवा पाळीव प्राणी पोहोचतील अशा जागी मात्र ही भुकटी टाकू नका.

गटारातून येणाऱ्या मोठ्या झुरळांसाठी वाटा बंद करा. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरातल्या सांडपाण्याच्या नळीतलं पाणी आटतं आणि गटाराची वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. जाळी बारीक भोकांची बसवा, पाइपभोवतीची भोकं सिमेंटने किंवा सीलंटने बुजवा, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

आणि मग धीर धरा. कोशातल्या अंड्यांवर जेलचा परिणाम होत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात संख्या झपाट्याने घटली तरी नवी पिल्लं निघत राहतात. दर दोन आठवड्यांनी सापळे बदला, मोजा, जेल ताजं ठेवा. सलग दोन-तीन महिने सापळे रिकामे राहिले की काम झालं समजा. इमारतीत भिंतीला भिंत लागून घरं असतील तर शेजाऱ्यांशी बोलून सगळ्यांनी एकाच वेळी हे करावं. नाहीतर एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात ये-जा चालू राहते.

धूर सोडणाऱ्या डब्यांवर पैसे घालू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत घराघरांत असे डबे वापरून पाहिले. जर्मन झुरळांची संख्या घटली नाही, उलट ओट्यांवर आणि जमिनीवर कीटकनाशक साचलं. धूर फटीत शिरत नाही. कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी प्लगची यंत्रंही अशीच निरुपयोगी आहेत.

वाळवी: आधी थांबा

झुरळांच्या बाबतीत याच आठवड्यात सुरुवात करा असं मी सांगेन. वाळवीच्या बाबतीत सांगेन की याच आठवड्यात काही तोडू-फोडू नका. वाळवी घर एका रात्रीत खात नाही. तिचं नुकसान महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने होतं, त्यामुळे नीट तपासणीसाठी दोन-तीन आठवडे गेले तर बिघडत नाही. अपवाद एकच: तुळई, खांब, जिना असं वजन पेलणारं लाकूड पोकळ लागलं तर त्याखालचा वावर लगेच बंद करा आणि बांधकामाच्या जाणकाराला बोलवा.

नळी झाडू नका, रॉकेल ओतू नका, फवारा मारू नका. रॉकेलने आगीचा धोका येतो आणि वाळवी फक्त जागा बदलते. आधी फोटो काढा. मग नळीचा मधला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा अलगद काढा. आत फिकट, मऊ किडी धावताना दिसल्या तर नळी वापरात आहे. दिसल्या नाहीत तर तशीच सोडून काही दिवसांनी बघा. भगदाड ओल्या मातीने बुजलं असेल तर काम चालू आहे. बुजलं नसेल तर ‘वाळवी गेली’ असा निष्कर्ष मात्र काढू नका, तिने दुसरी वाट घेतलेली असू शकते.

पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ही वाळवी जमिनीतली आहे की कोरड्या लाकडातली? दोघींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

जमिनीतल्या वाळवीची त्वचा पातळ असते आणि ती हवेत सुकून मरते. म्हणून ती मातीशी आणि ओलाव्याशी नातं तोडत नाही, आणि उघड्यावरून जायचं झालं की मातीची नळी बांधते. तिने खाल्लेलं लाकूड उघडलं तर रेषांच्या दिशेने पोखरलेल्या खोबणी आणि त्यांत चिकटलेली माती दिसते. वसाहत जमिनीत असते, घरापासून दूरही असू शकते, आणि काही जातींत तिची संख्या लाखांत जाते.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला मातीची गरज नाही. लाकडातला ओलावा तिला पुरतो, आणि अख्खी वसाहत एका कपाटात, एका चौकटीत राहते. तिच्या खोबणी स्वच्छ असतात. विष्ठा ती बारीक भोकातून बाहेर ढकलते, तीच ती दाण्यांची रास. भिंगाखाली प्रत्येक दाणा सुमारे एक मिलीमीटर लांब आणि सहा कडांचा दिसतो. दाणे पुसून खाली पांढरा कागद ठेवा. काही दिवसांत पुन्हा पडले तर आत जिवंत वाळवी असू शकते. मात्र हादऱ्याने जुने दाणेही गळतात, म्हणून दोन-तीनदा बघूनच ठरवा.

प्रकार कळला की घराचा नकाशा काढा. साधा कागद पुरे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकटी, फळ्या, पायऱ्या, भिंतीतली कपाटं ठोकत जा, पोकळ वाटेल तिथे टोक हलकेच दाबा. न्हाणीघराच्या मागची भिंत, पाइप जमिनीतून वर येतो ती जागा, फरशी आणि भिंत यांचा सांधा, जिन्याखालची अडगळ, भिंतीला टेकवलेली पुस्तकं आणि पुठ्ठ्याची खोकी हे विसरू नका. जमिनीतल्या वाळवीला शिरायला एक मिलीमीटरच्या आसपासची फटसुद्धा पुरते. काँक्रीट ती खात नाही, पण त्याच्या भेगेतून जाते. प्रत्येक खूण नकाशावर टाका. ओळीने जोडल्यावर बहुतेक वेळा त्या एखाद्या गळक्या नळापाशी किंवा मातीला लागलेल्या लाकडापाशी जातात.

जमिनीतल्या वाळवीवर उपाय

औषधाआधी ओलावा. गळती दुरुस्त करा. छताचं पाणी पायापासून लांब जाईल असं वळवा. भिंतीला लागून माती, पालापाचोळा, जळाऊ लाकूड, जुन्या फळ्या असतील तर हलवा. लाकडी खांब थेट मातीत रोवलेला असेल तर खाली काँक्रीट किंवा धातूचा पाया द्या. ओलावा तसाच ठेवून औषध मारलं तर काही काळाने वाळवी परत वाट शोधते.

औषधाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत पायाभोवतीच्या मातीत औषधाचा सलग पट्टा तयार करतात: भिंतीलगत अरुंद चर खणून त्यात द्रावण ओततात, आणि फरशी असेल तिथे साधारण ३० सेंटिमीटरवर भोकं पाडून आत सोडतात. सगळं यश ‘सलग’ या अटीवर आहे. एक कोपरा सुटला की वाळवी तिथूनच येते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांसारख्या औषधांचा वास वाळवीला येत नाही. ती त्यातून जाते, अंगाला लावून घेते आणि इतरांना देते. वाळवीला लांब हाकलणारी औषधंही असतात, पण त्यांच्या पट्ट्यात जरा फट राहिली तरी ती शोधून काढते. म्हणून माझं मत वास न येणाऱ्या औषधांच्या बाजूने आहे.

दुसरी पद्धत आमिषाची. घराभोवती काही मीटरच्या अंतराने जमिनीत डबे पुरतात. आत सेल्युलोजचं आमिष आणि हेक्साफ्लुम्युरॉनसारखं कात टाकण्याची क्रिया थांबवणारं औषध असतं. १९९५ च्या सुमारास हे डबे बाजारात आले. कामकरी किडी ते खातात, वसाहतीला भरवतात, आणि कात टाकता न आल्याने हळूहळू सगळी वसाहत संपते. याला महिने लागतात, आणि डबे नियमित तपासावे लागतात. विहिरीजवळ, पाण्याच्या स्रोताजवळ किंवा मातीत औषध ओतणं नको वाटेल अशा घरी ही पद्धत मला जास्त पटते.

दोन्ही कामं जाणकार, परवानाधारक माणसाकडून करून घ्या. मात्र त्याच्या हाती सगळं सोपवू नका. वाळवी कोणत्या प्रकारची आणि ते कशावरून ठरवलं, औषधाचं रासायनिक नाव काय, भोकं कुठे पाडणार याचा नकाशा, पुन्हा तपासणी केव्हा, आणि हमी फक्त पुन्हा औषध मारण्याची की दुरुस्तीचीही, हे लेखी मागा. फक्त चौकटीवर औषध मारून जमिनीतली वाळवी घालवण्याचं वचन देणाऱ्याला काम देऊ नका.

कोरड्या लाकडातल्या वाळवीवर उपाय

इथे मातीत औषध ओतून काहीच होत नाही. एकच खुर्ची किंवा एकच फळी लागली असेल तर ती घराबाहेर काढणं सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं. छोटी वस्तू, चौकट किंवा पुस्तक ठेवायचंच असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर वस्तूवर दव धरतं.

मोठ्या फर्निचरमध्ये भोकांतून औषध टोचतात. ते खोबणीपर्यंत पोहोचलं तरच चालतं, आणि सगळ्या खोबणी सापडतातच असं नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५० अंशांवर तापमान काही काळ टिकवण्याची उष्णतेची पद्धतही आहे. घरभर पसरली असेल तर अख्खं घर झाकून सल्फ्युरिल फ्लुओराइड वायू सोडतात. हा वायू जीवघेणा आहे आणि प्रशिक्षित पथकाशिवाय त्याचा विचारही करू नये. तो आतल्या वाळवीला मारतो, पण मागे काही ठेवत नाही, म्हणून पुढच्या मोसमात नवी जोडी येऊन शिरू शकते. रंग किंवा पॉलिश नसलेल्या उघड्या लाकडाला बोरेटचं द्रावण लावलं तर नव्या जोडीला शिरकाव करणं कठीण जातं. पॉलिशवरून लावलं तर ते आत मुरत नाही.

लाकडाची दुरुस्ती वाळवी गेल्याची खात्री झाल्यावरच करा. भोकांत लांबी (पुट्टी) भरून रंग दिला की घर सुंदर दिसतं आणि पुढच्या तपासणीत एकही खूण सापडत नाही.

दोन्ही एकाच घरात असतील तर

एकाच औषधात दोन्हींचा नायनाट मिळेल का, असं बरेच जण विचारतात. मिळत नाही. झुरळांचं जेल वाळवी खात नाही, आणि पायाभोवतीचं औषध ओट्याखालच्या झुरळांपर्यंत पोहोचत नाही. दोन्हींत समान असलेलं पाणी मात्र आधी हाताळा, कारण सिंकखालची एक गळती दोघांनाही पोसत असते. ती दुरुस्त करा, स्वयंपाकघरात जेल सुरू करा, आणि वाळवीची तपासणी सावकाश चालू ठेवा. ती चालू असताना घरभर कसलाही फवारा मारू नका, दोन्हीकडचं काम बिघडेल.

जुन्या बाटल्यांबद्दल एक कळकळीची सूचना. एके काळी वाळवीवर क्लोरडेन नावाचं कीटकनाशक सर्रास वापरलं जाई. ते मातीत आणि शरीरात दीर्घकाळ राहतं म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये त्याची विक्री थांबली, आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात ते पहिल्या बारा घातक रसायनांत गणलं गेलं. माळ्यावर नाव पुसलेला एखादा डबा सापडला तर उघडून बघू नका, ओतून देऊ नका, घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्या. उघड्यावर मिळणारा, वेष्टनावर काहीच न लिहिलेला झुरळांचा खडूही घरात आणू नका. मुलांना तो लिहायचा खडू वाटतो.

शेवटचं काम कागदाचं. वाळवीचा नकाशा, भोकांच्या जागा, औषधाचं नाव आणि तारीख एका ठिकाणी जपून ठेवा. दरवर्षी, विशेषतः पहिल्या पावसानंतर पंखवाल्या किडी उडू लागतात तेव्हा, तोच नकाशा हातात घेऊन घर ठोकून बघा. घर विकायची किंवा भाड्याने द्यायची वेळ आली तर हा कागद पुढच्या माणसाला द्या, म्हणजे न्हाणीघराच्या नव्या कामात औषधाचा पट्टा नकळत तोडला जाणार नाही.